कळलावी

श्रावण अर्धा उलटला, म्हणजे कोल्हापुराहून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या कुंपणांत एक फूल दिसूं लागतें. निवडुंग, घाणेरी आणि बोरी यांच्या दाटींतून एक नाजूक वेल वर चढून येते, आणि तिच्या शेंड्याशीं कोणी लहानशी पणती लावून ठेवावी तसें तें फूल पेटलेलें असतें. वाटसरू क्षणभर थांबून पाहतो, आणि त्या वेलीचें नांव त्याला ठाऊक असेल तर पुढें केलेला हात मागें घेतो. कारण तिचें नांव आहे कळलावी.

विद्यार्थिमित्रहो, या अंकासाठीं कांहीं लिहावयाचें ठरलें, तेव्हां हीच वेल माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. ती सुंदर आहे एवढेंच त्याचें कारण नव्हे. लहानपणीं तिच्यामुळें मी फार भ्यालों होतों, आणि मोठेपणीं तिच्या नांवानें मीं एका मुलाला दुखविलें. या दोन गोष्टी सांगितल्यावांचून माझ्यानें तिच्याविषयीं लिहिणें व्हावयाचें नाहीं. पण प्रथम तिची ओळख करून देतों.

कळलावी कंदापासून उगवते. उन्हाळ्यांत जमिनीवर तिचा मागमूसही नसतो. मृगाच्या पावसानें माती भिजली, कीं कंदाच्या टोंकांतून कोंब निघतो आणि पाहतां पाहतां तो पुरुषभर उंच होतो. चढण्यासाठीं तिला निराळे हात नाहींत. तिच्या पानाचें टोंकच लांब होऊन घड्याळाच्या कमानीसारखें वळतें आणि जवळच्या काडीला विळखा घालतें. तिची कळी खालीं मान घालून लोंबते. उमलतांना तिच्या सहा अरुंद पाकळ्या मागें उलटतात आणि ज्वाळांप्रमाणें वर उभ्या राहतात. त्यांच्या कडा नागमोडी असतात. आरंभीं त्यांचा रंग हिरवट असतो. मग बुडाशीं पिवळा आणि शेंड्याशीं तांबडा असे दोन रंग दिसूं लागतात, आणि शेवटीं सारें फूल तांबडेंलाल होतें. त्यामुळें एकाच वेलीवर एकाच दिवशीं हिरवीं, पिवळीं, केशरी आणि लाल अशीं निरनिराळ्या रंगांचीं फुलें पाहावयास मिळतात.

या फुलांतील आणखी एक मौज लक्षांत घ्या. त्याचे सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणें बाहेर पसरलेले असतात. पण बीजकोशावरून निघणारी काडी, जिच्या टोंकावर पराग पडावा लागतो, ती मुळाशींच काटकोनांत वळून एका बाजूला जाते, जणूं आपल्याच परागांकडे ती पाठ फिरविते. त्यामुळें फुलाचा पराग त्याच फुलाच्या उपयोगीं सहसा पडत नाहीं. फुलपांखरें आणि शिंजीरासारखे लहान पक्षी एका फुलाचा पराग दुसऱ्यास नेऊन देतात, तेव्हां शेंग धरते. शेंग पिकून उकलली, म्हणजे आंत लालभडक बिया दिसतात. कार्तिक-मार्गशीर्षांत वेल वाळून जाते आणि कंद पुन्हां जमिनीखालीं निजतो.

आतां माझी पहिली गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतों. माझे वडील आणि थोरले काका तेव्हां एकाच घरांत राहत असत, आणि आजीच्या हाताखालीं सर्वांची एक चूल होती. एके दिवशीं ओढ्याच्या कांठीं मला ही वेल दिसली. आईला द्यावी म्हणून मीं ती विळ्यानें खणून काढली. कंद नांगरासारखा दोन बाजूंस फांकलेला होता. ओढतांना त्याची एक बाजू मोडली, तरी तसाच तो घेऊन मी धांवत घरीं आलों आणि परसदारीं लावूं लागलों. तोंच आजी बाहेर आली.

“आरं देवा! कळलावी आणलीस व्हय रं घरांत?” ती ओरडली. “जिथं ही लागती तिथं भांडण लागतंय. टाक ती भाइर!”

मी टाकावयाच्या आधींच तिनें वेल कंदासकट उचलली आणि मागच्या गडग्यापलीकडे भिरकावून दिली. आमचें घर ख्रिस्ती होतें, रोज रात्रीं उपासना होत असे, तरी गांवच्या साऱ्या समजुती आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवून आलों होतों असें नाहीं.

त्यानंतर आठवडा झाला नसेल, एका रात्रीं काका आणि वडील यांचे आवाज चढले. शेताचा वांटा, कोणा एकाची सही, आणि कर्जाचे कांहीं पैसे असें कांहींबाहीं माझ्या कानांवर पडलें. दिवाळीनंतर घराच्या मध्यें विटांची भिंत उभी राहिली. चुली दोन झाल्या. माझी चुलतबहीण, जी माझ्या ताटांतला घास उचलून खात असे, ती भिंतीच्या पलीकडे गेली. मीं कोणाजवळ एक शब्द काढला नाहीं. पण ही भिंत कोणामुळें झाली हें मला पक्कें ठाऊक होतें. तें फूल मीं आणलें होतें. रात्रीं उपासनेच्या वेळीं सर्वांचे डोळे मिटले, म्हणजे मी देवाजवळ एकच मागणें मागें, कीं माझ्या हातून झालें तें पुसून टाक. लहान मूल किती मोठें ओझें मुकाट्यानें वाहूं शकतें, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांस बहुधा कळत नाहीं. आईबापांनो, हें वाक्य मी मुद्दाम आपल्यासाठीं लिहितों.

बारा वर्षांनीं पदवीची परीक्षा देऊन मी घरीं आलों. आजी थकली होती. तिला नीट दिसतही नव्हतें. एके दुपारीं तिच्या पायांशीं बसून मीं तें सारें तिला सांगितलें. ती प्रथम हंसली, आणि मग पदरानें डोळे पुसूं लागली.

“पोरा,” ती म्हणाली, “ती भिताड तुज्या फुलानं न्हाई घातली. आमच्या जिबांनी घातली. दोन वरसं घरांत धुसफूस हुती. आणि ती कळलावी म्हणशील, तर मागल्या कुंपणांत अजून हाय. मोडका कंद तिथंच रुजला. दर पावसाळ्याला फुलती. तिनं भांडण लागत असतं, तर बारा वरसं आमी रोज भांडाय पायजे हुतं!”

मी उठून मागें गेलों. गडग्यापलीकडे निवडुंगावर चढलेलीं सात-आठ फुलें वाऱ्यावर हालत होतीं. मीं मोडलेल्या कंदाची उरलेली बाजू जगली होती. आजीला तें इतकीं वर्षें माहीत होतें, आणि तरी तिनें तें कोणाला सांगितलें नव्हतें. फुलाला दोष दिला म्हणजे कोणा मुलाला किंवा सुनेला दोष द्यावा लागत नाहीं, म्हणून घरांतल्या सर्वांनींच तो फुलाच्या पदरांत टाकला होता. पुढें चुलतबहिणीच्या लग्नांत त्या भिंतीला मध्यें एक दार पाडलें. भिंत अजून आहे, दारही आहे.

या गोष्टीनंतर मीं कळलावीचा अभ्यास करावयास आरंभ केला. वनस्पतिशास्त्रांत तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनिअस यांच्या 1753 सालच्या ग्रंथांत तें नांव आहे. त्याचा अर्थ वैभवशाली आणि भव्य असा होतो. संस्कृतांत तिला अग्निशिखा म्हणतात तें फुलावरून, आणि लांगली म्हणतात तें कंदाच्या नांगरासारख्या आकारावरून. आपल्याकडे तिला खड्यानाग असेंही म्हणतात. कोठें कोठें बचनाग म्हणतात, पण खरा बचनाग हिमालयांत होतो आणि तो निराळा. तामिळ लोक तिला कांदळ म्हणतात. त्यांच्या प्राचीन संघकाव्यांत स्त्रियांच्या सुंदर बोटांस या फुलाची उपमा दिलेली आढळते, आणि आज तें तामिळनाडूचें राज्यपुष्प आहे. आफ्रिकेंतील झिंबाब्वे या देशाचें तर तें राष्ट्रीय पुष्प आहे. त्या देशास पूर्वीं दक्षिण ऱ्होडेशिया म्हणत. 1947 सालीं राजकन्या एलिझाबेथ तेथें गेल्या, तेव्हां तेथील शाळेच्या मुलांच्या वर्गणींतून याच फुलाच्या आकाराचें हिऱ्यांचें पदक त्यांस भेट देण्यांत आलें होतें. एक फूल कोणी मुकुटाजवळ नेतो आणि कोणी गडग्यापलीकडे फेकतो. फूल मात्र दोन्हीं ठिकाणीं तेंच असतें.

मग आपल्याकडेच तिला असें नांव कां पडलें? ‘कळ’ या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. कळ म्हणजे वेदना, आणि कळ म्हणजे भांडणाची आग. पूर्वीं खेड्यांतील सुइणी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप बेंबीवर किंवा तळपायांस लावीत. त्या कळा लावणारी ती कळलावी, असा या नांवाचा उलगडा करतात. म्हणजे ज्या कळेनंतर घरांत पाळणा हालतो त्या कळेचें हें नांव. लोकांनीं त्याला भांडणाचा अर्थ चिकटविला.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भांडणाची समजूत खोटी असली तरी विषाची गोष्ट पूर्ण खरी आहे. या वेलीच्या सर्व अंगांत, विशेषतः कंदांत व बियांत, कॉल्चिसीन नांवाचें तीव्र विष असतें. रताळें किंवा रानकंद समजून हा कंद खाल्ल्यामुळें माणसें दगावलेलीं आहेत. खाल्ल्यावर कांहीं तासांनीं वांत्या व जुलाब सुरू होतात, आणि पुढें शरीरांतील एकेक इंद्रिय निकामी होत जातें. जे वांचतात त्यांचे केसही कांहीं दिवसांनीं गळून जातात. म्हणून कोणीही हा कंद तोंडांत घालूं नये. तोडतांना किंवा लावतांना हात लागला तर साबणानें स्वच्छ धुवावे. आणि बाळंतपणांत त्याचा कसलाही उपयोग करूं नये. कोणाच्या पोटांत गेलाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां त्याला ताबडतोब रुग्णालयांत न्यावें.

परंतु याच विषापासून औषधही होतें. कॉल्चिसीन प्रथम 1820 सालीं पेल्टिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं कळलावीच्याच कुळांतल्या कॉल्चिकम या झाडापासून वेगळें काढलें. गाउट नांवाच्या सांधेदुखीवर डॉक्टर तें फार थोड्या, मोजक्या मात्रेंत देतात. पेशींचें विभाजन थांबविण्याचा गुण त्यांत आहे. 1937 सालापासून नव्या प्रकारचीं पिकें व फुलझाडें तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांनींही त्या गुणाचा उपयोग करून घेतला. या औषधासाठीं तामिळनाडूंत दिंडुक्कल, करूर, तिरुप्पूर या भागांत शेतकरी कळलावीची शेती करतात. बी अधिक धरावें म्हणून सकाळच्या वेळीं मजूर एकेका फुलाचा पराग हातानें दुसऱ्या फुलास लावतात.

इतकें सारें मीं वाचलें आणि वर्गांत शिकविलें, तरी जें शिकावयास हवें होतें तें मी शिकलों नव्हतों. ती माझी दुसरी गोष्ट.

आठ वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत सातवीच्या वर्गास शिकवीत होतों. त्या वर्गांत एक मुलगा होता. इकडची गोष्ट तिकडे सांगण्याची त्याला खोड होती, आणि त्यामुळें मुलांत कुरबुरी होत. एके दिवशीं अशाच एका भांडणानें माझा तास वांयां गेला. मी संतापून म्हणालों, “अरे, तूं तर नुसता कळलाव्या आहेस!” वर्ग खो खो हंसला. मधल्या सुटीपर्यंत तें नांव साऱ्या शाळेंत पसरलें. मी तें विसरून गेलों.

सुमारें महिन्यानें त्याची आई मला भेटावयास आली. ती चार घरचें काम करणारी बाई, दाराशींच उभी राहून म्हणाली, “सर, माझ्या पोराला आतां गल्लींतलीं पोरंही कळलाव्या म्हणतात. तो शाळेला यायला नको म्हणतो. हें नांव त्याला कोणी ठेवलं, तेवढं शोधून त्याला समज द्या.”

त्या क्षणीं मला गडग्यापलीकडे भिरकावलेली ती वेल दिसली. मी म्हणालों, “बाई, तें नांव मींच ठेवलें.” ती कांहीं बोलली नाहीं. तिच्या न बोलण्यानें मला जेवढें लागलें, तेवढें कोणाच्या बोलण्यानें कधीं लागलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं साऱ्या वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. त्यानें मान खालीं घालून ‘हो सर’ म्हटलें. परंतु शब्द परत घेतां आला तरी नांव परत घेतां येत नाहीं. कित्येक महिने तें मैदानावर ऐकूं येत असे. त्या दिवशीं शाळा सुटल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारूं लागला, “सर, कळलावी म्हणजे काय?” ज्या वेलीचें नांव तो महिनाभर डोक्यावर वाहत होता, ती त्यानें पाहिलीही नव्हती!

शनिवारीं मीं त्याला रस्त्याच्या कडेचें तें कुंपण दाखविलें. तो पुष्कळ वेळ पाहत उभा राहिला आणि मग म्हणाला, “हिनें कोणाचें भांडण लावलें?” मीं त्याला माझ्या घरची भिंत, आजी आणि मोडका कंद, सारें सांगितलें. ही गोष्ट आजीनंतर मीं प्रथम त्यालाच सांगितली.

त्यानें ही वेल लावावयाचें मनांत घेतलें. ती शाळेंत लावणें बरें नव्हे, कारण तेथें लहान मुलें असतात. म्हणून माझ्या घरामागच्या भिंतीशीं, जाळीच्या आंत जागा केली. कंद खणून आणला असता तर त्याच वर्षीं फूल आलें असतें. पण विकण्यासाठीं कंद खणून नेल्यामुळें कित्येक ठिकाणची कळलावी विरळ होत चालली आहे, म्हणून आम्हीं कंदास हात लावला नाहीं. कार्तिकांत पिकलेल्या एका शेंगेंतील थोड्या बिया घेतल्या आणि पुढच्या मृगांत पेरल्या. बी फार कठीण. कोंब येण्यास तीन आठवड्यांपासून तीन महिनेही लागतात. पहिल्या वर्षीं गवतासारखीं चार पानें आलीं आणि वाळून गेलीं. दुसऱ्या वर्षीं वीतभर वेल आली. मुलगा दर शनिवारीं येऊन पाहून जात असे. तो दहावी होऊन शाळेंतून गेला तरी फूल आलें नव्हतें. चौथ्या पावसाळ्यांत पहिली कळी दिसली, तेव्हां मीं त्याच्या घरीं निरोप धाडला. तो अकरावींत होता. आला, आणि आईला बरोबर घेऊन आला. तिघेंही आम्ही त्या एका फुलापुढें उभे राहिलों. कोणीं फारसें बोललें नाहीं.

ज्यांना ही वेल लावावयाची असेल, त्यांनीं लागवड करणाऱ्यांकडूनच कंद विकत घ्यावा. तो निदान 50 ग्रॅम वजनाचा असावा. त्याहून लहान कंदास त्या वर्षीं बहुधा फूल येत नाहीं. पाण्याचा निचरा होणारी वाळूमिश्रित माती घ्यावी. जून महिन्यांत कंद आडवा ठेवून दोन-तीन इंच खोल पुरावा. त्याच्या टोंकास फार जपावें. फांकलेल्या कंदाच्या प्रत्येक बाजूस एकच डोळा असतो, आणि तो टोंकावर असतो. तो मोडला कीं ती बाजू उगवत नाहीं. आधारास काठी किंवा जाळी द्यावी. वेल वाळल्यावर पाणी बंद करावें, नाहींतर निजलेला कंद कुजतो. पुढील वर्षीं दोन बाजू हलक्या हातानें वेगळ्या करून लावल्यास एकाच्या दोन वेली होतात.

बागेसाठीं तिचे कांहीं प्रकार मिळतात. ‘रॉथशिल्डियाना’ या आफ्रिकी प्रकाराचें फूल मोठें, पाकळ्या रुंद व गडद लाल, आणि कडा पिवळ्या असतात. ‘लुटिया’चें फूल सर्वस्वीं पिवळें असतें. पूर्वीं यांपैकीं कित्येकांस निराळ्या जाती समजत. आतां बहुतेक शास्त्रज्ञ त्यांस एकाच जातींत घालतात. पण जी बाहेर शोभते ती सर्वत्र शोभतेच असें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बागेंतून निसटलेली हीच वेल तेथील झाडाझुडपांस दाबून टाकणारें तण होऊन बसली आहे. आपल्या कुंपणांत ती आपल्या जागीं आहे.

डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें शिष्यांस रानांतील फुलांकडे लक्ष देऊन पाहावयास सांगितलें आहे. मराठी शुभवर्तमानांत त्या फुलांस भूकमळें म्हटलें आहे. पॅलेस्टाइनांतील तें फूल कोणतें याविषयीं विद्वानांचा वाद चालो. मला एवढेंच दिसतें, कीं आधीं पाहावयाचें आहे. नांव ठेवणें मागाहून. आजीनें नांव घेतलें आणि वेल फेकली. मीं नांव ठेवलें आणि मूल गमावण्याच्या बेतांत होतों. आम्हां दोघांनींही नीट पाहिलें असतें, तर त्या वेलीवर फुलें दिसलीं असतीं आणि त्या मुलांत दुसऱ्याची गोष्ट मन लावून ऐकणारा मुलगा दिसला असता.

तेव्हां मित्रहो, पावसाळ्यांत डोंगराकडे गेलांत तर कुंपणाशीं थांबा आणि ही वेल डोळे भरून पाहा. तिचा कंद उपटूं नका; तो तोंडाला तर मुळींच लावूं नका. आणि परत आल्यावर, वर्गांत ज्याला कोणी एखादें नांव चिकटविलें असेल, त्याला त्याच्या आईबापांनीं ठेवलेल्या नांवानें हाक मारा.